आवरताना खाल्लेलं

बाई,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्याला मी तुळजापूरला येऊन गेले. तिथं जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, पण त्याआधी एक कबुली देऊन टाकते, नाहीतर पुढचं काही लिहवणार नाही. गेल्या श्रावणात तुमच्या घरी आले होते तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात मी एक गोष्ट पाहिली आणि बोलले नाही. पंधरा वर्षं तुमच्याशी भांडत आलेली मी, नेमकी त्या दिवशी गप्प बसले. मी बोलले असते तर तुम्ही अजून असतात का, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.

उपकेंद्रात परवा तुमची शोकसभा झाली. डॉक्टरसाहेब बोलले, तुमची नोकरी किती वर्षांची, किती नर्सांना तुम्ही शिकवलंत वगैरे. सगळं खरं होतं, आणि त्यात तुम्ही कुठंच नव्हता. भूमच्या स्टँडवर खांद्याला वजनकाटा लटकावून एसटीत चढणाऱ्या बाई त्यात नव्हत्या. कंडक्टरनं एकदा काट्याचं लगेज लावतो म्हटल्यावर तुम्ही त्यालाच म्हणालात, "लाव की. पण आधी तू लटकून दाव, तुझं वजन बघू." सगळी गाडी हसली. त्यानं लगेज लावलं नाही, उलट पुढच्या खेपेपासून तुमच्यासाठी दाराजवळची जागा धरून ठेवायला लागला. असलं काही शोकसभेत सांगता येत नाही. मी मागं बसून नुसतं नाक पुसत होते.

आपली पहिली भेट बहात्तरच्या दुष्काळातली. भूमजवळ पाझर तलावाचं काम चालू होतं. मी नोकरीला नवी, नर्सची पांढरी साडी अजून कडक होती, आणि कामावरच्या पोरांना सरकारनं पाठवलेली सुकडीची भुकटी वाटायचं काम माझ्याकडं होतं. आमचं घर बौद्ध, शिकून नोकरीला लागलेली घरातली पहिली मुलगी मी. त्यामुळं चूक होऊ नये म्हणून यादीतलं प्रत्येक नाव दोनदा तपासायची. तुम्ही आलात, माझी यादी बघितलीत, आणि पिशवीतून एक लहानशी बांगडी काढलीत. पोराच्या हातातून ती कोपराच्या वर सरकली की पोर खंगलेलं समजायचं आणि त्याला जास्तीची सुकडी द्यायची, इतकं सोपं. दुपारपर्यंत मी ती बांगडी पन्नास हातांत घातली असेल. बहुतेक हातांत ती थेट खांद्यापर्यंत जात होती.

पण तुम्ही पोरांकडं बघतच नव्हता. तुम्ही बायांकडं बघत होता. खडी फोडणाऱ्या बायांनाही मूठभर सुकडी मिळायची आणि त्यातली एकही बाई ती खात नव्हती. पदराच्या टोकाला गाठ मारायची, घरी न्यायची. तुम्ही मला म्हणालात, "शांता, उद्यापासून ह्यांना माझ्यासमोर खाऊ घालायचं. गाठ मारू द्यायची न्हाय." मला ते फार कठोर वाटलं. एका बाईनं तर हात जोडले, "घरी सासू हाय वो, पोरी हायेत." तुम्ही तिच्या शेजारी मातीत फतकल मारून बसलात आणि ती मूठ तिच्या घशाखाली उतरेपर्यंत उठला नाहीत. ती रडत खात होती. संध्याकाळी मी धीर करून म्हणाले, "बाई, हे काय बरं केलं न्हाय तुमी." तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "घरात सगळ्यात शेवटी जेवणारी बाई दुष्काळात सगळ्यात आधी झिजते. तिच्याकडं नर्सनं न्हाय बघायचं तर कुणी?" आपलं पहिलं भांडण ते. त्यात तुमचं बरोबर होतं, हे मी दोनतीन वर्षांनी मनातल्या मनात मान्य केलं. तुम्हाला मात्र सांगितलं नाही.

मग दिवस पालटले. सगळ्यांचे पालटले नाहीत, पण ज्यांच्या विहिरींना पाणी राहिलं त्यांचे पालटले. ऊस आला, कारखाना आला, सभासदांच्या घरात सणाला साखरेची पोती यायला लागली. गावोगाव दूध सोसायट्या झाल्या. आणि तुम्ही शिबिरात आम्हा वीसबावीस नर्सांपुढं फळ्यावर खडूनं शब्द लिहिलात, लठ्ठपणा.

आम्ही किती हसलो होतो, आठवतं? हसणाऱ्यांत मी पुढं होते. उठून म्हणाले, "बाई, आमच्या गावात लठ्ठ माणूस दाखवा आन् बक्षीस न्या. लोकांना पोटभर खाऊ तर द्या आधी. आत्ता कुठं ताटात दोन भाकरी पडायला लागल्यात, तवर कमी खा म्हणून सांगायचं? मला न्हाय जमणार." सगळ्या बाकं वाजवायला लागल्या. तुम्ही शांतपणे चष्मा पुसलात आणि म्हणालात, "कमी खा म्हणायला मी शिकवतच न्हाय. बघायला शिकवतेय. दुष्काळात बघितलं तसं."

मग तुम्ही आम्हाला प्रत्येकीला एकेक घर दिलंत. एक दिवस त्या घराच्या चुलीपाशी बसायचं आणि कोण काय खातं ते लिहून आणायचं. सल्ला द्यायचा नाही, नाक मुरडायचं नाही, फक्त बसायचं. माझ्या वाट्याला येरमाळ्यातलं गयाबाईचं घर आलं. नवरा दूध सोसायटीचा सेक्रेटरी, दोन म्हशी, चार पोरं. गयाबाईचं वजन दोनतीन वर्षांत इतकं वाढलं होतं की येडेश्वरीच्या पायऱ्या चढताना मध्येच बसावं लागायचं, गुडघे धरायचे. डोळ्यांपुढं अंधारी यायची. वय माझ्याएवढंच, तीस-बत्तीस.

"म्या कुठं खाते वो, नर्सबाई," ती पहिल्याच वाक्यात म्हणाली. "दोन टायमाला एकेक भाकर. पाणी पिलं तरी अंगाला लागतंय बगा."

मी दिवसभर बसले. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर गयाबाई जेवायला बसली, एक भाकरी, बोटभर पिठलं, कांदा. रात्रीचंही तसंच, असं तिनंच सांगितलं. मी तेवढं कागदावर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी शिबिरात मोठ्या ऐटीत तुमच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, बघा, ही बाई माझ्यापेक्षा कमी खाते. हा आजार खाण्याचा नव्हेच.

तुम्ही कागद वाचलात, परत दिलात. "हे तिचं बोलणं हाय. तिचं खाणं कुठं हाय?"

"मी डोळ्यांनी बघितलंय, बाई."

"मग डोळे बी घेऊन जा उद्या."

सगळ्यांसमोर बोललात. मी इतकी संतापले की त्या दिवशी तुमच्या पंगतीला बसले नाही, भुकेली राहिले. त्यावर तुम्ही फक्त माझ्या पिशवीत गुपचूप दोन केळी टाकलीत. ती मी येरमाळ्याच्या गाडीत बसून रागारागानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी गयाबाईच्या ताटाकडं बघायचं सोडलं आणि हाताकडं बघितलं. तेव्हा दिसलं. सोसायटीच्या माणसांसाठी केलेल्या चहाच्या पातेल्यात तळाशी साखर राहिली होती, ती तिनं दोन घोटांत पिऊन टाकली आणि मग पातेलं घासायला टाकलं. पोरं शाळेला पळाली, त्यांच्या ताटात अर्धी भाकरी, तूपभात. ती ताटं उचलता उचलता तिच्या तोंडात गेली. दुधाच्या भांड्याच्या कडेची साय बोटानं निपटली. शेतात पाठवलेल्या भाकऱ्यांतली एक परत आली, ती गुळाबरोबर उभ्या उभ्या. चटणीच्या वाटीतलं तेल तुकड्यानं पुसून घेतलं. आणि हे सगळं झाल्यावर दुपारी ती एका भाकरीचं ताट घेऊन जेवायला बसली. आधीच्या खेपेलाही हे सगळं माझ्यासमोरच झालं होतं. मला ते खाणं वाटलंच नव्हतं, कारण माझ्या घरी मीही तेच करत होते.

तुम्ही सल्ला द्यायचा नाही म्हणाला होतात, तरी मला राहवलं नाही. म्हटलं, "गयाबाई, ह्या चहाचं आन् भाकरीचं तुमी परवा सांगितलं न्हाय."

ती खरोखर गोंधळली. "ते व्हय? ते खाणं हाय का? ते आवरणं हाय." मग थोडा वेळ पातेलं घासत राहिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "बहात्तर साली खडीच्या कामावर एकीनं दुसरीच्या फडक्यातली भाकर चोरली व्हती. लई तमाशा झाला. चोरणारी म्याच. तवापासून अन्न टाकवत न्हाय मला."

शिबिरात मी हे सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. मग तुम्ही विचारलंत, हिला काय सांगाल? तिथून आपलं मोठं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. एकीनं उरलेलं म्हशीला घाला म्हटलं, तुम्हीही मान हलवलीत. मी उसळून म्हणाले, ह्या मुलखात माणसांनी भाकरीसाठी दगड फोडलेत, भाकरी जनावराला टाका म्हणून मी कुणाला सांगणार नाही. पीठ मळतानाच एक मूठ कमी घ्यावं, म्हणजे उरणारच नाही. मला वाटलं, जिंकलं आपण. तुम्ही विचारलंत, "आन् एखाद्या दिवशी पाहुणा आला, पोरानं एक भाकर जास्त खाल्ली, तर कमी कुणाला पडंल?" कमी पडणार ती शेवटी जेवणारीलाच. दुष्काळात ती उपाशी राहते, सुकाळात सगळ्यांचं उरलेलं तिच्या पोटात जातं, आणि दोन्ही वेळेला तिला भूक किती आहे हे कुणी विचारत नाही. तुमचं म्हणणं एकच, तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढलं गेलं पाहिजे. मी म्हटलं, बाई, येरमाळ्यात सूर्य पश्चिमेला उगवंल, पण गयाबाई नवऱ्याबरोबर जेवायला बसायची न्हाय. तुम्ही म्हणालात, बघू.

त्यानंतर आपण जिथं भेटू तिथं हेच. स्टँडवर, लसीकरणाच्या शिबिरात, एकदा तर तेरखेड्याला, मी फटाक्याच्या कारखान्यातल्या बायांची तपासणी करत होते तिथं. रामराम न करता तुम्ही विचारायचात, "बसली का गया?" मी म्हणायची, न्हाय बसली. पुढं गयाबाई सकाळच्या चहात साखर कमी टाकायला लागली, पातेल्यात उरेल एवढा चहा करेना, आणि एकादशीला का होईना पोरींबरोबर जेवायला बसायला लागली. वजन जरा उतरलं. पायऱ्या चढताना बसावं लागेना. हे तुमच्या मताचं यश की माझ्या, यावरही आपण भांडलोच. तुमच्याशी भांडताना मला जेवढं हुशार वाटायचं तेवढं पुन्हा कधी वाटणार नाही.

तुम्ही निवृत्त झालात आणि तुळजापूरच्या भावाच्या घरी पूर्णवेळ राहायला लागलात. देवळाच्या वाटेवरचं ते पुजाऱ्याचं घर मला आधीपासून ठाऊक होतं. पहिल्यांदा आले तेव्हा मी सोप्यातच थांबले होते, तुम्ही हाताला धरून सरळ चुलीपाशी नेऊन बसवलंत. गल्लीत त्याची चर्चा झाली असणार. तुम्ही ती माझ्या कानावर कधी येऊ दिली नाहीत. नोकरीत असताना घरकामाला हात लावता आला नाही, म्हणून निवृत्तीनंतर स्वयंपाकाचं अर्धं काम तुम्ही अंगावर घेतलंत. अंग सुटलं. मधुमेह निघाला. पायाला जखम झाली ती महिनोन् महिने बरी होईना.

गेल्या श्रावणात मी आले तेव्हा तुम्ही मला तुमचं ताट मोठ्या अभिमानानं दाखवलंत. एक भाकरी, पालेभाजी, ताक. चहा बिनसाखरेचा. पुरणपोळी सगळ्यांना वाढलीत, स्वतःच्या ताटात घेतली नाहीत. मी मनातल्या मनात शाबासकी दिली. मग पोरं उठली, मी हात धुऊन पाणी प्यायला आत आले. तुम्ही पाठमोऱ्या उभ्या होतात. एका हातात भाच्याचं ताट, त्यातली अर्धी पोळी तोंडात, आणि दुसऱ्या हाताचं बोट पुरणाच्या पातेल्यातून फिरत होतं.

तुम्ही वळलात. आधी थोड्या ओशाळलात, मग हसलात. "अगं, टाकायचं कसं?"

मी म्हणाले, "व्हय बाई. टाकायचं कसं."

तुम्ही माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिलात. आता कळतं, तुम्ही वाट बघत होतात. मी भांडेन म्हणून. डोळे घेऊन जा म्हणाला होतात ना, मी डोळे घेऊन आले होते, तोंड घेऊन आले नव्हते. गयाबाईला बोलले ते तुम्हाला बोलायची हिंमत झाली नाही. गुरूला काय सांगायचं, त्यातून तुमच्याच घरात, तुमच्या वहिनींसमोर. मी त्याला आदर म्हटलं. तो आदर नव्हता, बाई. आपल्याला शिकवणारं माणूसही आजारी पडू शकतं हे मला बघायचं नव्हतं. डॉक्टर म्हणतात आजार जुना होता, एवढ्यातेवढ्यानं काही फरक पडला नसता. मीही पेशंटच्या माणसांना असंच सांगते.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. दोन पंगती उठल्या. वहिनींना शोधत मी आत गेले तर त्या एकट्याच, पहाटेपासून राबलेल्या, भाताच्या पातेल्याशी उभ्या राहून हातानंच खात होत्या. मला क्षणभर तुम्हीच दिसलात. ह्या वेळी मी गप्प बसले नाही. त्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि म्हटलं, "वहिनी, पाट घ्या, बसा. मी वाढते."

"जेवणच चाललंय की माझं."

"बसा."

त्या बसल्या. मी ताट घेतलं, पातेलं जवळ ओढलं आणि विचारलं, "किती वाढू?"

त्यांनी मान उंच करून आत बघायचा प्रयत्न केला. "पातेल्यात किती हाय?"

"पातेल्याचं राहू द्या. तुमाला भूक किती हाय?"

त्यांना सांगता येईना. खरंच येईना. डाव हातात धरून मी थांबले आणि त्या डोळे मिटून बसल्या, जणू आत कुठंतरी जाऊन बघून यायचं होतं. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी इचारलं न्हाय. वन्संनी बी न्हाय."

बाई, मला तुमचा राग आला. साऱ्या जिल्ह्यातल्या बायांची भूक विचारायला तुम्ही आम्हाला पाठवलंत आणि स्वतःच्या चुलीपाशी बसलेल्या भावजयीला विचारलं नाहीत. मग लगेच आठवलं, तुम्हालाही ते कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. श्रावणातल्या त्या दुपारी तुम्ही पुरणाचं बोट तसंच धरून माझ्याकडं बघत होतात, तेव्हा "टाकू नका" किंवा "खाऊ नका" असं काही म्हणायची गरजच नव्हती. एवढंच विचारायचं होतं, बाई, तुम्हाला भूक किती आहे?

वहिनी पोटभर जेवल्या. दोनदा मागून घेतलं. भात तरीही उरला, चांगला चारपाच माणसांचा. त्या माझ्याकडं बघायला लागल्या, मी त्यांच्याकडं. त्याचं काय करायचं ते आम्हा दोघींनाही सुचलं नाही, आणि भांडायला तुम्ही नव्हता.

तुमची
शांता